स्टँडर्ड्स चेक: मागच्या सीटवरचा परीक्षक नेमकं काय मोजतो?

प्रश्न असा आहे: ‘इंग्लंडमध्ये तीन वर्षांपूर्वी ग्रीन बॅज (पूर्ण पात्र ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरचा परवाना) मिळाला. आता डीव्हीएसएकडून (ड्रायव्हिंग परीक्षा आणि इन्स्ट्रक्टरची नोंदणी पाहणारी ब्रिटिश सरकारी संस्था) स्टँडर्ड्स चेकचं, म्हणजे परीक्षक मागे बसून माझं शिकवणं तपासणार त्याचं, पत्र आलंय. ए ग्रेड हवी आहे, तर कोणता धडा तयार करू? माझे बरेचसे विद्यार्थी भारतातलं लायसन्स असलेले आहेत. त्यांच्यापैकी कोणाला नेलं तर चालेल का? आणि माझ्या विद्यार्थ्यांचा पास रेट ५५ टक्क्यांच्या खाली आहे, म्हणून हे पत्र आलं असेल का?’

घोकलेला धडा घेऊन जाऊ नका, हे आधी सांगते. मी हाउन्स्लो-स्लाउच्या पट्ट्यात बरीच वर्षं गाडी शिकवते आणि नवीन इन्स्ट्रक्टर तयारही करते. चेकच्या आधी सराव म्हणून लोक मला मागच्या सीटवर बसवतात. गुण कुठे जातात ते तिथून स्वच्छ दिसतं. इन्स्ट्रक्टरने राउंडअबाउटचा सुरेख धडा पाठ केलेला असतो, आकृत्या तयार असतात, प्रश्नसुद्धा ठरलेले असतात. विद्यार्थी मात्र पहिल्या दोनशे मीटरमध्येच, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असलेल्या गल्लीत, समोरून व्हॅन आली म्हणून गोंधळतो. त्या क्षणी खरी गरज डोळ्यांसमोर असते आणि इन्स्ट्रक्टर म्हणतो, ‘ठीक आहे, आता आपण राउंडअबाउटकडे जाऊ.’ इथे एकदम दोन-तीन रकान्यांतले गुण जातात.

रकाने कोणते, ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन गाडी शिकवायची तर नोंदवहीत नाव असावं लागतं. ही नोंदणी १९६४ साली ऐच्छिक म्हणून सुरू झाली आणि १९७० पासून सक्तीची झाली. नोंदणी चार वर्षांची असते आणि त्या मुदतीत निदान एकदा स्टँडर्ड्स चेक द्यावा लागतो. (उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. मी इथे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सबद्दलच लिहिते आहे.) ७ एप्रिल २०१४ पूर्वी याला चेक टेस्ट म्हणत आणि ४, ५, ६ अशा श्रेण्या मिळत. सहा म्हणजे उत्तम. जुने इन्स्ट्रक्टर अजूनही ‘मी ग्रेड सिक्स होतो’ असं अभिमानाने सांगतात. त्या काळात परीक्षकाचं लक्ष मुख्यतः तुम्ही चुका टिपता का आणि सुधारता का, यावर असे. आता विद्यार्थी काय शिकला आणि त्यात त्याचा स्वतःचा वाटा किती होता, हे पाहतात. नव्या इन्स्ट्रक्टरला पात्र होण्यासाठी तीन परीक्षा द्याव्या लागतात; २३ डिसेंबर २०१७ पासून त्यांतली तिसरी, शिकवण्याची परीक्षाही याच धर्तीवर होते. त्याआधी परीक्षक स्वतः शिकाऊचं सोंग घेऊन गाडी चालवायचे. तुम्ही तीन वर्षांपूर्वी पात्र झालात म्हणजे हाच फॉर्म तुमच्यासमोर एकदा येऊन गेलेला आहे. तो पुन्हा काढा. परीक्षकांसाठीच्या सूचनाही सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना खुल्या आहेत. त्या वाचल्याशिवाय चेकला जाणारे इतके जण भेटतात की वाईट वाटतं.

फॉर्मवर १७ गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला ० ते ३ गुण. म्हणजे एकूण ५१. त्यांचे तीन गट आहेत: धड्याचं नियोजन ४, धोक्याचं व्यवस्थापन ५, आणि शिकवण्याच्या पद्धती ८. ४३ ते ५१ गुणांना ए, ३१ ते ४२ ला बी, ३० किंवा त्याखाली नापास. शून्य म्हणजे पुरावाच दिसला नाही, १ म्हणजे थोडा दिसला, २ म्हणजे बराचसा, ३ म्हणजे पूर्ण. सतराही ठिकाणी २ मिळाले तर बेरीज ३४ होते, म्हणजे बी. ए हवी असेल तर त्यांपैकी निदान नऊ ठिकाणी ३ लागतात. तेव्हा बी म्हणजे कमअस्सल इन्स्ट्रक्टर, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. सगळीकडे ‘बराचसा’ शिकवणारा माणूस बीमध्येच बसतो, आणि माझ्या ओळखीत असे बी ग्रेडचे लोक आहेत ज्यांच्याकडे मी माझ्या घरातल्या मुलांना डोळे मिटून पाठवीन.

आता या बेरजेतली सर्वात महत्त्वाची गोष्ट. धोक्याच्या गटात १५ पैकी ७ किंवा कमी गुण मिळाले तर तुम्ही सरळ नापास, बाकीची बेरीज कितीही असो. समजा नियोजनात १२ पैकी १२ आणि शिकवण्यात २४ पैकी २४ मिळाले. त्यात धोक्याचे ७ मिळवले की ४३ होतात. कागदावर ए ग्रेडची बेरीज, आणि निकाल नापास! शिवाय परिस्थिती धोक्याची झाली तर परीक्षक धडा तिथेच थांबवू शकतो, आणि तेही नापासच. म्हणून माझा आग्रह असतो की तयारीचा मोठा भाग या पाच रकान्यांवर खर्च करा.

पहिला रकाना, जबाबदारी कशी वाटून घ्यायची हे विद्यार्थ्याला नीट कळलं का. बहुतेक जण गाडी सुरू करण्याआधी एक वाक्य म्हणून टाकतात: ‘माझ्याकडेही ब्रेक-क्लच आहे, गरज पडली तर मी मदत करीन.’ यात वाटणी कुठे आहे? विद्यार्थ्याच्या मनात एवढंच राहतं की काही झालं तर हे बघून घेतील. त्यापेक्षा त्या दिवसाच्या कामाला धरून बोला. ‘आज वेग आणि गिअर पूर्ण तुमचे. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्या गाड्या पहिल्या दोन वेळा आपण दोघं मिळून बघू, मी मोठ्याने बोलेन. तिसऱ्या वेळेपासून मी गप्प, निर्णय तुमचा. मी “थांबा” म्हटलं तर कारण न विचारता थांबायचं. आता मला सांगा, दुसऱ्या फेरीला उजवीकडे कोण बघणार?’ त्याने नीट उत्तर दिलं म्हणजे त्याला कळलं. आणि तिसऱ्या फेरीला खरोखर गप्प बसा. वाटणी तोंडाने करून सगळा वेळ ‘आरसा बघा, ब्रेक, ब्रेक, आता जा’ चालू ठेवलं तर परीक्षकाच्या लेखी ती वाटणी झालेलीच नसते.

यानंतरचे तीन रकाने, म्हणजे सूचना वेळेवर आणि स्पष्ट दिल्या का, आजूबाजूचं आणि विद्यार्थ्याचं भान होतं का, हस्तक्षेप योग्य वेळी केला का, हे अनुभवी माणसाला सहसा जमतात. पाचवा मात्र भल्याभल्यांना पाडतो: जे धोक्याचं घडलं किंवा घडता घडता राहिलं, ते विद्यार्थ्याला समजेल इतकं त्यावर बोलणं झालं का. नेहमी दिसणारा प्रकार सांगते. मिनी राउंडअबाउट आहे, विद्यार्थी तिसऱ्या गिअरमध्ये जरा वेगातच येतो, उजवीकडून छोटी लाल गाडी येतेय. इन्स्ट्रक्टर आपल्या बाजूचा ब्रेक दाबतो, गाडी रेषेवर थांबते, लाल गाडी निघून जाते. ‘हां, आता चला.’ आणि धडा पुढे सुरू. ब्रेक अगदी बरोबर वेळी दाबला, त्याचे गुण मिळतात. पण विद्यार्थ्याला कळलंही नसतं की गाडी त्याने थांबवलेली नाही! मी मागून पाहिलंय, काही जण खुशीत असतात की बरं थांबलो. तो विद्यार्थी उद्या आईवडिलांच्या गाडीत, जिथे दुसऱ्या बाजूला ब्रेक नसतो, तसाच येणार.

अशा वेळी पुढे जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे गाडी बाजूला घ्या. आधी विचारा, ‘मघाशी रेषेपाशी काय झालं?’ त्याला माहीत नसेल तर सांगा: ‘ब्रेक मी दाबला.’ मग विचारा, मी का दाबला असेल, तुम्ही लाल गाडी पहिल्यांदा कुठे पाहिली, त्या वेळी वेग किती होता, कोणता गिअर होता. तो स्वतःच म्हणेल की दुसरा गिअर आधी टाकायला हवा होता. मग त्याच जागी पुन्हा जा. हे सगळं चार-पाच मिनिटांत होतं. ती मिनिटं ठरलेल्या धड्यातून गेली म्हणून हळहळू नका, कारण नियोजनाच्या गटातला शेवटचा रकाना नेमका हाच आहे: गरजेप्रमाणे धडा बदलला का. एका प्रसंगाने दोन्ही गटांत गुण मिळतात.

शिकवण्याच्या आठ रकान्यांपैकी काही सहज जमतात. माहिती अचूक असणं, शंकांना उत्तर देणं, सगळ्यांशी समान आदराने वागणं, यांत तुम्हाला अडचण येऊ नये. जोर कारण शोधण्यावर द्या. चूक दिसणं, तिचं कारण कळणं आणि त्यावर उपाय करणं या जुन्या तीन पायऱ्या आजही उपयोगी पडतात, कारण मधली पायरी गाळण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच लागते. डावीकडे वळताना गाडी रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली. इन्स्ट्रक्टर म्हणतो, ‘स्टिअरिंग थोडं लवकर फिरवा.’ पुढच्या वळणावर विद्यार्थी लवकर फिरवतो आणि मागचं चाक फुटपाथला घासतं. मूळ कारण होतं वेग. क्लच दाबून धरल्यामुळे गाडी वळणात घरंगळत होती आणि हातांना वेळच मिळत नव्हता. मागच्या सीटवरून परीक्षकाला विद्यार्थ्याचा डावा पाय दिसत नाही, पण इंजिनाचा आवाज त्यालाही ऐकू येतो. चुकीच्या कारणावर उपाय केला हे त्याला पक्कं समजतं.

‘प्रश्न विचारा’ असं सगळीकडे सांगतात, म्हणून काही जण चालत्या गाडीत प्रश्नांची सरबत्ती लावतात. भर जंक्शनवर ‘तुम्हाला आता कसं वाटतंय?’ असं विचारणं धोक्याचं आहे, आणि परीक्षक तसंच धरतो. चालत्या गाडीत छोटा, रस्त्याबद्दलचा प्रश्न. विचार करायला लावणारा प्रश्न गाडी उभी करून.

आता तुमच्या भारतीय विद्यार्थ्यांबद्दल. माझ्याकडेही पुण्या-ठाण्याहून नोकरीसाठी आलेली मंडळी खूप येतात. इथे राहायला आल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, त्यानंतर इथली थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावी लागते, कारण भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही. यांचं गाडीवरचं नियंत्रण बहुधा उत्तम असतं. चढावर हाफ क्लचवर गाडी धरणं त्यांना नव्याने शिकवावं लागत नाही. अडचण सवयींची असते: आरशांऐवजी हॉर्नवर भरवसा, राउंडअबाउटला जागा दिसली की नाक घुसवणं, बाजूच्या रस्त्यावर वळताना रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी न थांबणं, पुढच्या गाडीला चिकटून चालणं. पाच-दहा वर्षांची ही सवय ‘असं करू नका’ एवढ्याने जात नाही. तिकडे ते का चालत होतं आणि इथे का चालत नाही, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावं लागतं. तिकडे हॉर्न म्हणजे ‘मी इथे आहे’ अशी साधी सूचना, इथे त्याच हॉर्नने समोरचा दचकतो. हे एकदा पटलं की हात हॉर्नकडे जाणं आपोआप कमी होतं.

दुसरी अडचण चेकच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. आपल्याकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये यांना गाडीत कोणी कधी प्रश्न विचारलेलाच नसतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २४ खाली इन्स्ट्रक्टरसाठी दहावी पास, पाच वर्षांचा ड्रायव्हिंगचा अनुभव, मोटार मेकॅनिक्सचा कोर्स अशा अटी आहेत. कोणी मागे बसून त्याचा धडा तपासावा, अशी अट त्यात नाही. तिथला उस्ताद ‘क्लच दाब, सेकंड टाक, सोड हळूहळू’ सांगतो आणि माणूस तसं करतो. तो माणूस तुमच्या शेजारी बसला की तुम्ही विचारता, ‘हे वळण कसं झालं असं वाटतं?’ आणि तो म्हणतो, ‘मॅडम, तुम्हीच सांगा ना, मी तसं करतो.’ आदराने म्हणतो, पण विद्यार्थ्याने स्वतः विचार केला का, या रकान्यात तुमच्या हाती काहीच लागत नाही. अशा विद्यार्थ्याला ‘कसं झालं?’ असा मोकळा प्रश्न विचारू नका. दोन पर्याय द्या: ‘आधीच्या वळणापेक्षा हे बरं झालं की बिघडलं?’ उत्तर आलं की ‘कशामुळे?’ विचारा आणि मग गप्प राहा. ती शांतता दहा सेकंद टिकली तरी मध्ये बोलू नका. दोन-तीन धड्यांत माणूस बोलता होतो.

तर नेलं तर चालेल का? चालेल, पण ज्याला तुमच्या प्रश्नांची सवय झाली आहे असाच न्या. नुकतीच स्टिअरिंग-क्लचपासून सुरुवात केलेला अगदी नवखा चालत नाही, तसाच दुसरा इन्स्ट्रक्टर किंवा इन्स्ट्रक्टर होऊ पाहणाराही चालत नाही. एरवी निम्मं मराठीत शिकवत असाल तो विद्यार्थी त्या दिवशी नको. अचानक सगळं इंग्रजीत सुरू झालं की तुम्ही दोघंही अवघडता, आणि धडा नेहमीसारखा वाटत नाही. जो सगळ्यात छान चालवतो त्यालाही नेऊ नका. त्याच्या हातून काही चुकलंच नाही तर तुम्ही कारण काय शोधणार आणि धडा कशासाठी बदलणार? पुरावा नाही म्हणजे गुण नाहीत. ज्याची एखादी खरी अडचण अर्धवट सुटलेली आहे आणि जो तुमच्याशी मोकळेपणाने बोलतो, तो या तासासाठी योग्य.

त्या दिवशी साधारण पाऊण तासाचा धडा होईल. सुरुवातीला विद्यार्थ्यालाच विचारा, मागच्या वेळी काय राहिलं होतं, आज काय जमायला हवं. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा त्याने वेगळं सांगितलं तर त्यावर दोघांनी मिळून ठरवा. जागा निवडताना अंतराचा विचार करा. चेक सहसा टेस्ट सेंटरपासून सुरू होतो. तिथून जिथे पोहोचायला पंधरा मिनिटं लागतात असा राउंडअबाउट निवडला तर जाण्यायेण्यातच धडा संपेल. शेवटची काही मिनिटं राखून ठेवा. ‘आज काय जमलं, पुढच्या वेळी काय घ्यायचं, आणि मी नसताना गाडी चालवताना यातलं काय वापराल?’ हे त्याच्या तोंडून येऊ द्या. घाईघाईत तुम्हीच सारांश सांगून टाकला तर सतरावा रकाना हातचा जातो.

राहता राहिला पास रेट. पत्र त्यामुळेच आलं असेल असं नाही. चार वर्षांतून एकदा ते येणारच. २०२१ पासून डीव्हीएसए प्रत्येक इन्स्ट्रक्टरच्या विद्यार्थ्यांचे मागच्या १२ महिन्यांतले निकाल चार निकषांवर पाहते: एका टेस्टमागे सरासरी ५ किंवा जास्त किरकोळ चुका, सरासरी ०.५ किंवा जास्त गंभीर चुका, १० टक्के किंवा जास्त टेस्टमध्ये परीक्षकाला स्वतः ब्रेक वा स्टिअरिंगला हात घालावा लागणं, आणि ५५ टक्के किंवा त्याहून कमी पास रेट. यांतले तीन लागू झाले की चेकसाठी बोलावणं येतं. एकट्या पास रेटने येत नाही. देशभरातला पास रेटच गेली काही वर्षं ५० टक्क्यांच्या जरा खाली आहे, त्यामुळे तो निकष असंख्य चांगल्या इन्स्ट्रक्टरना लागू होतो. टेस्टच्या तारखा महिनोन्‌महिने मिळत नसताना तयारी नसलेला विद्यार्थी हातातली तारीख सोडत नाही, हे आपण सगळे रोज अनुभवतो. या निकषांतला तिसरा मात्र गांभीर्याने घ्या. परीक्षकाला हात घालावा लागतो आहे याचा अर्थ विद्यार्थी धोका ओळखायला शिकलेला नाही, आणि ते तुम्हाला बोलावणं येवो न येवो, दुरुस्त करायलाच हवं. मी स्वतः चारपैकी हाच आकडा सर्वात आधी पाहते. तयारी नसलेल्याला ‘टेस्टसाठी माझी गाडी मिळणार नाही’ हे वेळेवर आणि स्पष्ट सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. भारतातून आलेल्या मंडळींना हे ऐकताना राग येतो, ‘मी दहा वर्षं गाडी चालवतोय’ असं ते म्हणतात. त्यांना एक पूर्ण मॉक टेस्ट द्या, तोंडातून शब्द काढू नका, आणि शेवटी तुम्हाला किती वेळा ब्रेकवर पाय न्यावा लागला ते सांगा.

चेकला फी नाही. तीनदा नापास झालं तर नाव नोंदवहीतून जातं आणि परत यायचं तर पहिल्या परीक्षेपासून सुरुवात करावी लागते, पण पहिल्या प्रयत्नातच तो विचार नको. निकालानंतर परीक्षक जे बोलेल ते लिहून घ्या, विशेषतः १ मिळालेल्या रकान्यांबद्दल. आणि पत्रातल्या तारखेला पहिला विद्यार्थी आजारी पडला तर? दुसरा एक आताच सांगून ठेवा, आणि त्यालाही पुढचे दोन-तीन धडे याच पद्धतीने शिकवा.